वुलरच्या काठचा नदरू

काश्मीरच्या आठ दिवसांपैकी सात दिवस आम्ही मराठीच जेवलो. टूरबरोबर आपले आचारी होते, त्यामुळे गुलमर्गला पुरणपोळी आणि पहलगामला पिठलं. बाकी मंडळी खूश होती. मला मात्र लोकांच्या घरी जाऊन आपलाच डबा उघडल्यासारखं वाटत राहिलं.

आठवा दिवस मोकळा होता. टॅक्सी करून आम्ही दोघं सोपोरपुढे वटलबला गेलो. वर टेकडीवर दर्गा, खाली वुलर सरोवर. काठाला एक चाचा नावेतून नदरूच्या जुड्या उतरवत होते. नदरू म्हणजे आपली कमळकाकडी, चिखलात आडवं वाढणारं कमळाचं खोड. मी एक उचलली, तर त्यांनी ती काढून घेतली आणि दुसरी दिली. टोक उघडं असलं की भोकांतून आत गाळ शिरतो, दोन्ही टोकं बंद असलेलीच घ्यायची. मग एक कटकन मोडून दोन्ही तुकडे हळूहळू लांब नेले. मधे रेशमासारखे तंतू ताणत गेले, वीतभर अंतर झालं तरी तुटेनात.

१९९२च्या पुरात वुलरमध्ये इतका गाळ आला की इथली कमळंच गेली. अलीकडे गाळ उपसला, तेव्हा तीसेक वर्षांनी ती पुन्हा उगवली. चाचांचा मुलगा पुरानंतर जन्मलेला. आकडीच्या लांब काठीनं चिखलातला नदरू चाचपून कसा ओढायचा, हे त्याला आता बापाकडून शिकावं लागतंय. नावेत तो गप्प बसून बापाच्या हातांकडे बघत होता.

ओळख ना पाळख, तरी चाचांनी घरी जेवायला नेलं. नदरूची यखनी होती. घोटलेलं दही, बडीशेपेची पूड, सुंठ, वरून चुरडलेला वाळका पुदिना. हळदीचं नाव नाही. फोडी शिजूनही दाताखाली करकरीत. इतकं सौम्य आणि तरी इतकं भरल्या चवीचं मी त्या आठवड्यात काहीच खाल्लं नव्हतं. पैसे विचारले तर चाची खरंच रागावल्या. सात दिवस हॉटेलात पिठलं खात बसलो याचं वाईट मला तिथे वाटलं.

निघताना चाचांनी एक जुडी बांधून दिली. ठाण्याला आल्यावर चिरायला घेतली. एका कांडीचं टोक वाटेत मोडलं होतं, पण बाकी सगळ्या आतून पांढऱ्याशुभ्र, गाळाचा कण नाही.