व्हॉल्व्ह अँप, नोंद ४ : रामबागेतली बैठक

मागच्या नोंदीत माझ्या हेडफोनच्या व्हॉल्व्ह अँपची, म्हणजे काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणाऱ्या अँप्लिफायरची, गुणगुण घालवल्याचं लिहिलं होतं. या रविवारी तो पहिल्यांदा घराबाहेर पडला. इंदुरात, रामबागेत एका काकांकडे आम्ही सात जण जमलो. पोहे-जिलबी आटोपली आणि ऐकायला बसलो.

व्हॉल्व्ह अँपवर तसेच ठेवून न्यायचे नाहीत, हे आधीच ठरवलं होतं. काचेला न धरता खालच्या काळ्या बुडाला धरून एकेक सरळ वर काढला, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळला आणि चष्म्याच्या डब्यांत ठेवला. तरी ६एसएन७ जातीचा एक व्हॉल्व्ह गेलाच. डबा उघडला तर डोक्यावरचा चंदेरी आरसा पार दुधाळ झालेला. तो बेरियमचा थर आत उरलेली हवा शोषून घेतो. पांढरा पडला म्हणजे काचेला चीर जाऊन बाहेरची हवा आत शिरली. लावून बघण्यातही अर्थ नव्हता. फार आवडता होता तो, वाईट वाटलं. त्याच जातीचा रशियन ६एन८एस सोबत होता म्हणून निभावलं.

माझ्या अँपमध्ये व्हॉल्व्ह आणि हेडफोन यांची सांगड घालणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही; पुढे ६एसएन७, मागे हेडफोन थेट चालवणारा ६०८० व्हॉल्व्ह. हेडफोन सेनहायझरचा एचडी ६५०, ३०० ओहमचा. इंदुरात बसून इंदूर घराण्याच्या अमीर खाँसाहेबांशिवाय सुरुवात कशाने करणार? विलंबित मारवा लावला. खाँसाहेब मंद्रात उतरले की खर्ज कसा भरून येतो, ते प्रत्येकाने ऐकलं. शेजारच्या ट्रान्झिस्टर अँपवर तोच सूर किंचित सडपातळ वाटत होता.

काका म्हणाले, "मल्टीमीटर आणलायस ना? आधी दोन्हींचा आवाज सारखा कर, मग बोलू." १००० हर्ट्झचा सूर लावून हेडफोनवरचा व्होल्टेज जुळवला. फरक थोडा कमी झाला, पण राहिला. मग त्यांनी ट्रान्झिस्टर अँप आणि हेडफोनच्या मध्ये डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर घातला, आवाज पुन्हा जुळवला आणि तोच आलाप लावला. खर्ज तसाच भरून आला!

कारण सरळ आहे. माझ्या अँपचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलला अँपचा स्वतःचा विरोध, शंभर ओहमच्या वर आहे. एचडी ६५० नावाला ३०० ओहमचा, पण ८०-१०० हर्ट्झच्या आसपास त्याचा इम्पीडन्स ५०० च्या घरात जातो. त्यामुळे तिथे त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त येतो, साधारण एक डेसिबलने. मंद्रातला पुरुषी आवाज नेमका याच पट्ट्यात उतरतो. मी ज्याला इतके महिने व्हॉल्व्हची ऊब म्हणत होतो, तिचा मोठा भाग या रेझिस्टन्सचा आहे.

सगळा नव्हे, असं मला अजूनही वाटतं. तानपुऱ्याची जवारी (तारांचा झणकार) माझ्या अँपवर जास्त मोकळी लागत होती. पण ते व्हॉल्व्हमुळेच का, हे बघायला व्हॉल्व्ह बदलून तो तापेपर्यंत कानातली आठवण पुसट होते, म्हणून त्यावर पैज लावणार नाही.

एका मित्राचा ३२ ओहमचा प्लेनार (सपाट पडद्याचा हेडफोन) मात्र माझ्या अँपवर चाललाच नाही. नॉब तीन चतुर्थांश फिरवला तरी आवाज बेताचा, आणि द्रुत ताना खरखरीत. त्याला लागणारा करंट ६०८० कुठून देणार?

निघताना व्हॉल्व्ह पुरते गार होईपर्यंत थांबलो, मगच डब्यांत भरले. आता दोन कामं काढली आहेत : ट्रान्झिस्टर अँपला ०, ६० आणि १२० ओहममधून निवडायचा स्विच, आणि प्लेनारसाठी आउटपुट ट्रान्सफॉर्मर. वाइंडिंगवाल्याला वेढ्यांचा कोणता रेशो सांगावा, हे कोणी बांधून पाहिलं असेल तर जरूर कळवा.