आधी मनात, मग मोठ्यानं

१९७८ च्या जूनमध्ये मी पहिलीत आले. लालबागमध्ये तेव्हा घरात घड्याळ नसलं तरी अडत नसे. गिरणीचा भोंगा झाला की उठायचं, पुढचा झाला की दप्तर घेऊन पळायचं. महापालिकेच्या त्या इमारतीत तळमजल्यावर गुजराती शाळा, पहिल्यावर आमची मराठी, दुसऱ्यावर तेलुगू. आम्ही दिडकी घोकत असलो की वरून तेलुगू पाढे ऐकू यायचे.

वर्गात साठेक मुलं. वाचनालय म्हणजे हेडबाईंच्या खोलीतलं एक कुलपातलं कपाट. इंग्रजीशी ओळख पाचवीत. पहिलीपासून इंग्रजी राज्यात आलं ते २००० साली. ही उणीव मला नर्सिंगच्या पहिल्या वर्षी फार नडली. शब्दकोश उशाला घेऊन झोपायचे. ते झाकून शाळेचं कौतुक करावं असं मला वाटत नाही.

तरीही मला चांगलं शिक्षण मिळालं, असं मी ठामपणे म्हणते. त्याचं कारण आमच्या बाई. तिसरी आणि चौथी, दोन्ही वर्षं त्याच आम्हाला होत्या.

बाईंना ठाऊक होतं की वर्गातल्या बहुतेकांच्या घरी वाचणारं माणूस म्हणजे आम्हीच. बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामावर, आई खानावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत आमच्याकडे सात गाळेकरी जेवायला. म्हणून बाई पोस्टातून मनीऑर्डरचे कोरे फॉर्म आणायच्या. फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी इवलीशी जागा असे. त्या चार ओळींत पैसे कशाचे, घरची खुशाली आणि गावी कधी येणार, एवढं सगळं बसवायचं. शब्द उरला तर चालेल, कमी पडता कामा नये. निबंध मी पुढे पुष्कळ लिहिले, पण नेमकं लिहायला शिकले ते त्या फॉर्मवर. गणितही तसंच. बाबांच्या पगाराच्या चिठ्ठीवरून पाळ्या किती, खाडे किती, हातात किती, हे आम्ही फळ्यावर सोडवायचो. दहा तारखेला चाळीतली मोठी माणसं आपली चिठ्ठी तपासून घ्यायला आमच्याकडे येत. नऊ वर्षांच्या पोरीसमोर एक थकलेला माणूस हिशेबासाठी बसतो, तेव्हा ती भागाकार चुकवत नाही.

तिसरीतली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आमच्याकडे जेवणाऱ्या एका काकांना गावाहून आंतरदेशीय पत्र आलं. सगळे ताटावर बसलेले. मी ऐटीत मोठ्यानं वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीत त्यांची आई गेल्याचं आलं. मी थांबले, पण वाक्य अर्धं तोंडातून गेलं होतं. काका जेवत्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी बाईंना रडत रडत सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरी, दुसऱ्याचं पत्र आधी मनात वाचायचं, मग मोठ्यानं. आणि मोठ्यानं वाचताना कागदाकडे कमी, माणसाकडे जास्त बघायचं." तो आठवडाभर त्यांनी साऱ्या वर्गाकडून तेच करून घेतलं. धडा मनात वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि शेजारच्याला त्याच्या भाषेत सांगायचं. ज्यांना जोडाक्षरं जड जायची त्यांना बाई सुटीत थांबवून घेत, पण वाचता न येणारं एकही मूल त्यांनी पाचवीत जाऊ दिलं नाही.

१९९४ पासून मी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात आहे. कोकणातून, देशावरून आलेले नातेवाईक रोज माझ्यापुढे कागद धरतात: "सिस्टर, काय लिवलंय बघा." मी आजही तो कागद आधी मनात वाचते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आधी खानावळ बंद पडली, मग आमचा वर्ग रिकामा व्हायला लागला. जो तो पोरं गावी धाडत होता. माझी चौथीची स्कॉलरशिपची तयारी झालेली, परीक्षा तोंडावर, आणि बाबांनी दाखला मागितला. बाईंनी दाखल्याला एक चिठ्ठी टाचली. गावच्या गुरुजींसाठी.

"वाचन उत्तम. अपूर्णांकांत छेद समान करताना घाई करते. आवाज मुद्दाम बारीक काढते, खणखणीत आहे. मागे बसवू नये."

साठ मुलांच्या वर्गात माझी घाई कुठे होते ते त्यांनी हेरलं होतं. त्या महिन्यात अशा किती चिठ्ठ्या त्यांनी लिहिल्या असतील, कुणास ठाऊक. गावच्या एकशिक्षकी शाळेत गुरुजींनी ती वाचली आणि मला पहिल्या रांगेत बसवलं.

आज शाळेत डिजिटल फळा आहे, मुलांना दप्तरापासून बुटापर्यंत सगळं मिळतं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पट कमी होत चाललाय. ज्या खोलीत आम्ही साठ जण होतो तिथे आता थोडीच मुलं बसतात, याचं दुःख होतं. आताच्या बाईंना माझी एवढीच विनंती आहे: मुलं कमी असली तरी शाळा सोडणाऱ्या प्रत्येकाच्या दाखल्याला अशी एक चिठ्ठी जोडा.

संपादकांनी ती चिठ्ठी छापायला मागितली. तिचा फोटो सोबत पाठवते आहे. मूळ चिठ्ठी माझ्याजवळच राहू दे.