अबोलीचा वळेसर

"माका चलात मां गो?" वेंगुर्ल्याच्या बाजारात आज एका आजींनी वळेसर, म्हणजे फुलांचा गजरा, हातात धरून विचारलं. कपाळ मोकळं.

आमच्या वाडीतल्या बायका परसात अबोली लावतात आणि बाजारात येईल तिला वळेसर फुकट देतात. अबोलीला वास नाही, पण पाण्याशिवायही टिकते, म्हणून तीच.

"पैसे किती?" असं सगळ्याच विचारतात. आजींचा प्रश्न मात्र काळजात रुतला. काकीने काही न बोलता वळेसर त्यांच्या अंबाड्यात माळला. आजींनी तो दोनदा चाचपून बघितला.

2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मग सरकारनेही परिपत्रक काढलं.

तुमच्या गावात झालाय का असा ठराव? आणि झाला असेल, तर घरातल्या आजीला कुणी सांगितलंय का?