न वाजलेला खटका

त्या दिवशी यादीतलं पहिलंच नाव पित्ताशयातल्या खड्यांचं होतं. दुर्बिणीतून पित्ताशय काढणं हे आमच्या ओटीतलं, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधलं, जवळजवळ रोजचं काम, ट्रॉली मांडताना हात आपोआप चालतात. पण या बाईंच्या पोटावर बेंबीच्या चार बोटं वरून सुरू होऊन थेट ओटीपोटापर्यंत उतरलेला उभा व्रण होता. खूप वर्षांपूर्वी अपेंडिक्स फुटून पोटभर पू झाला होता, तेव्हा पोट उघडून धुवावं लागलं होतं. असा व्रण दिसला की स्क्रबला, म्हणजे सर्जनच्या हातात उपकरणं द्यायला, उभी असलेली नर्स जरा जास्तच सावध होते. मी झाले होते, निदान तसं मला वाटत होतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सगळं पडद्यावर दिसतं, असं बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं. दिसतं, पण कॅमेरा आत गेल्यावर. त्याआधी पोटात गॅस भरून पोटाची भिंत आतड्यांपासून वर उचलावी लागते, आणि त्यासाठीची सुई आत जाते तेव्हा ती कुठे टेकली हे कुणालाच दिसत नसतं. बेंबीच्या मागे, मणक्याला लागून, शरीरातली सगळ्यात मोठी रोहिणी दोन फाट्यांत विभागते. अगदी सडपातळ माणसात पोटाच्या भिंतीपासून तिथवरचं अंतर कधी कधी जेमतेम २ सेंटीमीटर असतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमधल्या गंभीर इजा मुळात कमी, हजारात एखादी; पण ज्या होतात त्यातल्या निम्म्याच्या आसपास खरं ऑपरेशन सुरू व्हायच्या आधीच, आत शिरताना होतात. ओटीत नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे पहिल्याच आठवड्यात सांगते.

बाईंना भूल दिली जात असताना आमच्या ज्युनिअर डॉक्टरांनी सरांना, म्हणजे आमच्या सर्जनना, विचारलं, "सर, बेंबीतूनच जायचं ना?"

"असा उभा व्रण असेल तर निम्म्या पेशंटमध्ये बेंबीच्या मागे काहीतरी चिकटलेलं सापडतं," सर म्हणाले. "आपण पामर पॉइंटवरून जाऊ."

ही जागा डाव्या बरगड्यांच्या कडेखाली ३ सेंटीमीटरवर, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली सोडलेल्या रेषेवर असते. पॅरिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ राऊल पामर यांच्या नावाने ती ओळखली जाते. जुन्या ऑपरेशननंतरची चिकटण तिथे क्वचितच पोचते. मात्र प्लीहा वाढलेली नको आणि जठर फुगलेलं नको. भूलतज्ज्ञ मॅडमनी नळी घालून जठर रिकामं केलं, तसं सांगितलंही. मी ट्रॉलीकडे वळले आणि गॅसची सुई उचलली.

तिला आम्ही व्हेरेस म्हणतो. यानोस व्हेरेस हे हंगेरीचे डॉक्टर, १९३८ साली त्यांनी या सुईवर जर्मन भाषेत लेख लिहिला. तेव्हा क्षयावर आजच्यासारखी औषधं नव्हती, छातीत हवा भरून फुफ्फुसाला विश्रांती देत. हवा भरताना खालच्या फुफ्फुसालाच सुई लागू नये म्हणून त्यांनी ही रचना केली होती. बाहेरची सुई धारदार, आणि तिच्या पोटात बोथट टोकाची पोकळ नळी, मागून स्प्रिंग लावलेली. सुई घट्ट थरावर टेकली की बोथट नळी मागे दबते आणि धार पुढे येते. थर पार होऊन पोकळी लागली की स्प्रिंग त्या नळीला झटक्यात पुढे ढकलते. धार झाकली जाते, खट् असा बारीक आवाज येतो. छातीसाठी केलेली ही सुई पुढे पोटासाठी जगभर वापरात आली आणि मूळ कल्पना अजून तीच आहे.

मी सुईचं टोक किडनी ट्रेच्या तळावर दाबलं आणि उचललं. नळी मागे गेली. पुढे आली नाही.

पुन्हा दाबलं. आता अर्धी पुढे सरकली आणि थांबली. धार उघडीच. तिसऱ्या वेळी सुई हलकेच झटकल्यावर नळी सरकत पुढे आली, पण खटका वाजला नाही. बोटांना नेहमी जाणवणारा धक्काही नाही.

हे सगळं मोजून दहा सेकंदांत झालं. त्या दहा सेकंदांत मनात काय आलं ते इथे स्पष्ट लिहिते. झटकल्यावर सरकली ना, मग चालेल, असं आलं. पेशंट झोपलेली, सर हात पुढे करून उभे, पाठीमागे अजून चार नावं. सरांचा हात सराईत आहे, खटका नसला तरी त्यांना थर कळतात, असंही आलं. मग नजर ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातल्या, सुईच्या उघडलेल्या पाकिटाकडे गेली. पॅकिंगच्या चिठ्ठीवर आदल्या संध्याकाळची तारीख आणि माझी सही होती. "तपासून पॅक केले" या छापील ओळीसमोर. मी ती सुई तपासली नव्हती. यादी लांबली होती, धुऊन आलेली उपकरणं समोर पडली होती, मी मोजून पाकिटात भरली आणि सह्या केल्या.

"सर, ही सुई मी देणार नाही. स्प्रिंग अडकतेय."

ओटीत क्षणभर कुणी बोललं नाही. सरांनी मागितली, स्वतः दाबून पाहिली आणि परत माझ्या हातात ठेवली. "दुसरी आहे?"

"आहे. तपासून देते."

राखीव पाकीट उघडायला लावलं. यावेळी सगळं क्रमाने केलं, घाई न करता. ट्रेवर तीनदा दाबली, तिन्ही वेळा खट् वाजलं. सिरिंजने सलाईन सोडलं, धार सरळ आली. तोटी उघडून-बंद करून पाहिली. गॅसची नळी लावून सुई हवेत धरली आणि यंत्रावरचा आकडा पाहिला, दाब चढत नव्हता, म्हणजे आत कुठे अडथळा नाही. सर शांतपणे थांबले होते. त्यांनी घाई केली असती तर मी एखादी पायरी गाळली असती का, हा प्रश्न मला अजून पडतो.

सरांनी बरगडीखाली बारीक छेद घेतला आणि सुई सरळ आत नेली. बेंबीत साधारण दोन थर जाणवतात, इथे तीन: स्नायूच्या पुढचं आवरण, मागचं आवरण आणि मग पोटाचं अस्तर. पहिला खटका मलाही ऐकू आला, दुसराही. गॅस सुरू केला तर दाब एकदम १४ वर, प्रवाह शून्य. सुई अजून अस्तराच्या बाहेरच होती. अशा वेळी सुई डावी-उजवीकडे हलवून जागा शोधण्याचा मोह होतो. सर ते कधीच करत नाहीत. सुईच्या टोकाने आतड्याला किंवा रक्तवाहिनीला १.६ मिलिमीटरचं भोक पडलं असेल, तर हलवल्याने ते १ सेंटीमीटरपर्यंत फाटू शकतं. त्यांनी सुई पूर्ण बाहेर काढली. मी ती पुसून पुन्हा दाबून पाहिली आणि मगच दिली. दुसऱ्या प्रयत्नात तिसरा खटका आला. सिरिंजने ओढून पाहिलं, रक्त नाही, आतड्यातलं काही नाही. दाब ५.

"जातोय," मी आकडा वाचत म्हणाले.

पोट वर येऊ लागलं आणि मिनिटभरातच मॅडमचा आवाज आला, "गॅस बंद करा, नाडी उतरतेय!" ८० वरून ३८. सरांनी ताबडतोब तोटी उघडून गॅस सोडला. पोटाचं अस्तर ताणलं गेलं की काही जणांत व्हेगस नावाची नस चेतवली जाते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. गॅस रक्तवाहिनीत शिरल्यानेही नाडी ढासळू शकते, म्हणून मॅडमची नजर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या रेषेवर होती. गॅस रक्तात गेला असता तर ती रेष कोसळली असती. ती जागेवर होती. नाडी वाढवणारं ॲट्रोपिन दिलं, नाडी ७० वर आली. दुसऱ्यांदा गॅस मिनिटाला एक लिटर, इतक्या संथपणे सोडला. त्या सुईतून तसाही मिनिटाला दोन-अडीच लिटरपेक्षा जास्त जात नाही.

मग ५ मिलिमीटरचा ट्रोकार, म्हणजे दुर्बीण आत नेण्यासाठी वाट करणारी टोकदार नळी. हा शब्द फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ तीन कडांचा. जुन्या ट्रोकारचं टोक खरंच तीन धारांचं असे. आम्ही त्या दिवशी पारदर्शक टोकाचा वापरला. त्यात सरळ बघणारी दुर्बीण बसते आणि एकेक थर बाजूला होताना पडद्यावर दिसतो: पिवळी चरबी, पांढरं आवरण, लाल स्नायू, पुन्हा पांढरं. ट्रोकारच्या धारेवर आपोआप झाकण येणारेही प्रकार मिळतात. आमच्याकडे काही जण त्यांना अजून 'सेफ्टी ट्रोकार' म्हणतात, पण पुरेसा पुरावा नसताना हे ट्रोकार सुरक्षित असल्याचा दावा करू नका, असं औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने उत्पादकांना १९९६ मध्येच बजावलं होतं. झाकण असो वा स्प्रिंग, उपकरणाच्या नावातल्या सुरक्षिततेवर मी विसंबत नाही.

आत शिरल्यावर सरांनी आधी सुईच्या जागेखाली पाहिलं, काही लागलेलं नाही याची खात्री केली. मग कॅमेरा खाली, बेंबीकडे वळवला.

"सिस्टर, बघा."

लहान आतड्याचं एक वेटोळं बेंबीच्या मागे, व्रणाच्या संपूर्ण लांबीवर चिकटलेलं होतं. लोंबकळत नव्हतं, चपटं होऊन भिंतीला डकवल्यासारखं. आतडं आणि भिंत यांच्यामध्ये एक रेघ मारायला जागा नव्हती. बेंबीतून सुई घातली असती तर ती सरळ त्या आतड्यात गेली असती, आणि तिथे चांगल्या स्प्रिंगचाही उपयोग झाला नसता. बोथट नळीला पुढे यायला मोकळी जागा लागते, ती आतड्याच्या आतच मिळाली असती. खटका वाजला असता आणि आम्ही निर्धास्त झालो असतो. ज्युनिअर डॉक्टर पडद्याकडे बघत राहिले. अशा पोटात आणखी एक रस्ता असतो, हॅसन नावाच्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये सांगितलेला: छोटा छेद घेऊन, थर डोळ्यांनी बघत उघडायचे आणि बोथट नळी बसवायची. पण बेंबीपाशी तोही जपूनच करावा लागला असता, इतकं ते आतडं जवळ होतं.

पुढचं ऑपरेशन सुरळीत झालं. बाकीचे तीन पोर्ट, म्हणजे उपकरणं आत नेण्याच्या नळ्या, डोळ्यांसमोर घातले, पित्ताशयाचा भाग मोकळा होता. चिकटलेलं आतडं वाटेत येत नव्हतं, म्हणून सरांनी त्याला हातही लावला नाही. पित्ताशय पिशवीत घालून १० मिलिमीटरच्या पोर्टमधून काढलं. शेवटी गॅसचा दाब उतरवून पुन्हा पाहिलं, कारण पूर्ण दाबाखाली लहान शिरांचं रक्त दबून राहतं आणि दाब काढल्यावर झिरपायला लागतं. पोर्ट बघत बघत काढले, १० मिलिमीटरच्या जागी आतल्या आवरणाला टाका घेतला.

यादी संपल्यावर मी अडकलेली सुई धुण्याच्या खोलीत नेली आणि सुटी केली. नळी बाहेर ओढून पांढऱ्या गॉजवर फिरवली. तिळाएवढा तपकिरी, वाळलेला कण निघाला. आधीच्या कुणाचं तरी रक्त, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेवर उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, भाजून घट्ट बसलेलं. सुई न सोडवता नुसती वरून धुतली गेली होती. धुणाऱ्या मुलाला ती सुटी करायची असते हे कुणी शिकवलंच नव्हतं, आणि शिकवायचं काम माझं होतं. मी त्याला त्याच संध्याकाळी घेऊन बसले: आधी सुटी करायची, सिरिंजने पाणी सोडायचं, ब्रश फिरवायचा, हवेने वाळवायची, जोडायची, तीनदा दाबायची, मग पाकीट. सही त्यानंतर. इन्चार्ज म्हणून मी सरांना आणि मॅडमना सहीचं खरं काय ते सांगितलं आणि घटनेच्या नोंदवहीत माझ्या नावानिशी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात बाईंना भेटले. ड्रेसिंग बदलत असताना त्या म्हणाल्या, "ताई, माझ्या बहिणीला बेंबीत भोक आहे. मला हे इथे बरगडीखाली का?"

मी त्यांना आतल्या आतड्याबद्दल सांगितलं. त्यांनी व्रणावर हात ठेवला. "म्हणूनच उठताना ओढल्यासारखं होतं का? इतकी वर्षं होतंय." त्याचं उत्तर मी द्यायचं नव्हतं. सरांना बोलावलं. ते बराच वेळ त्यांच्याजवळ बसले.

निघताना मी सरांना डिस्चार्ज कार्ड दिलं आणि म्हणाले, "पुढे कधी दुसऱ्या कुणी यांचं पोट उघडलं तर त्यांना हे कळायला हवं." सरांनी ऑपरेशनच्या नोंदीखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बेंबीमागे लहान आतडे चिकटलेले आहे.' बाजूला पोटाची छोटी आकृती काढली, बेंबीवर फुली मारली आणि डाव्या बरगडीखाली गोल केला. बाईंनी ते कार्ड उघडून पाहिलं, फुलीवर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे इथून नाही," आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं.