दादाचा पाय, माझा पाय

गेल्या उत्तरायणाला दादा दिवसभर धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, अनवाणी. बडोद्यात दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर, पतंग काटला की चहूबाजूंनी ‘काइपो छे’चा गलका, उंधियूसुद्धा वरच मागवलेला. संध्याकाळी तो खाली उतरला आणि वहिनीला जिन्यावर रक्ताचे ठसे दिसले. पतंगाची तुटकी कामटी त्याच्या टाचेत पेरभर घुसली होती, आणि त्याला पत्ताच नाही. “अगं, दुखत कुठंय?” म्हणत त्यानं ती स्वतःच उपटून काढली.

मी तिथेच बसले होते, पाय थंड फरशीला टेकवून. मला मोजा सहन होत नाही.

मधुमेह दोघांनाही. त्याला चौदा वर्षं झाली, मला अकरा. निदानही एकच, पेरिफेरल न्यूरोपॅथी, म्हणजे हातापायांच्या टोकांच्या नसा खराब होणं. पण त्याचा पाय लाकूड झालाय, आणि माझ्या तळव्यांखाली रात्री अकराच्या सुमाराला कुणीतरी शेगडी पेटवतं. पांघरूण घोट्यांच्या वरच ठेवावं लागतं.

डॉक्टरांकडे दोघं बरोबरच गेलो. त्यांनी नायलॉनचा जाडसर दोरा घेतला, तळव्याला टेकवला आणि वाकेपर्यंत दाबला. हा दोरा वाकतो तेव्हा दहा ग्रॅमचा दाब पडतो म्हणे. दादा डोळे मिटून बसला होता. दहा ठिकाणी टेकवून झालं, तरी हा विचारतोय, “सुरू कधी करणार?” मला दहापैकी नऊ ठिकाणी कळलं. म्हणजे नसा जास्त बिघडल्या त्याच्या, आणि रडायची पाळी माझी!

याआधी एका दवाखान्यात माझी नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली होती. रिपोर्ट नॉर्मल, म्हणून “टेन्शन घेऊ नका” असं सांगून मला घरी पाठवलं होतं. ती टेस्ट जाड नसांची असते. आग आणि ठणका वाहून नेणारे बारीक तंतू तीत दिसतच नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

कळलं ते दादाच्या मुलीकडून. ती एम. एस. युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्री शिकते. “आत्या, दुखण्याच्या नसांत सोडियम आत सोडणारी दारं असतात,” ती म्हणाली. त्यातल्या एका दाराचं नाव नॅव्ह १.७, आणि ते बनवणारं जनुक एससीएन९ए. २००६ साली उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांत हे जनुक बंद पडलेलं सापडलं. त्यांतल्या लोकांना वेदना म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. शोध सुरू झाला तो एका मुलामुळे. तो रस्त्यावर निखाऱ्यांवरून चालायचा, हातात सुरे खुपसून दाखवायचा. चौदा वर्षांचा व्हायच्या आतच छपरावरून उडी मारली आणि त्यातच वारला. ऐकताना मी दादाच्या टाचेकडे बघत होते.

उलटही होतं. काहींच्यात हेच दार जरा जास्तच सहज उघडतं, आणि हातपाय लाल होऊन पेटतात. मग तिनं अगदी आमच्यासारख्यांचाच एक अभ्यास सांगितला, २०१८ सालचा. मधुमेहाने नसा बिघडलेली माणसं, त्यांतल्या १११ जणांना वेदना होत्या, ७८ जणांना नव्हत्या. वेदनावाल्यांतल्या १० जणांत नॅव्ह १.७ चे दुर्मीळ बदल सापडले. बिनवेदनेच्या गटात एकही नाही.

“म्हणजे माझं तेच?” मी लगेच.

“आत्या, १११ मधले १०१ जण उरलेच की! एका जनुकावर सगळं ढकलू नकोस.”

पटलं. पण आई आठवलीच. उन्हाळ्यात ती पाय ओल्या पंच्यात गुंडाळून झोपायची. आजी तूप लावून काशाच्या वाटीनं तिचे तळवे घासायची, आणि घासता घासता पुटपुटायचीही, “सुखाचं दुखणं.” आईची साखर कुणी कधी तपासली नाही. माझ्या फाइलमध्ये ‘घरात शुगर कुणाला’ हा रकाना आहे. ‘पाय कुणाचे जळायचे’ असं मला आजवर कुठल्याच डॉक्टरनं विचारलेलं नाही. एकाच आईची आम्ही दोघं, पण तिच्या जनुकांतली निम्मीच प्रत्येकाच्या वाट्याला आली, आणि तीही वेगवेगळी.

मला नसांच्या दुखण्यावरची गोळी, प्रेगाबालिन, रात्रीची सुरू आहे. सकाळी डोकं गरगरतं, पण झोप लागते. पाय बादलीत बुडवायला मनाई आहे, कातडी भिजून फाटते म्हणून. दादाला गोळी नाही, त्याला आरसा दिलाय. रोज झोपताना तळवे बघायचे. तो विसरतो. आठवण तरी कशानं होणार, दुखतच नाही तर!

म्हणून अकरा वाजता माझी शेगडी पेटली की मी फोन लावते.

“दादा, पाय बघितलेस?”

“बघतो गं.”

“आत्ता बघ. मी फोन धरून आहे.”