आमची वाटचाल : दोन खोल्या आणि पाऱ्याचा दिवा

मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने, त्यामुळे नव्या लॅबचं इथे कुणाला अप्रूप नाही. आम्हाला लोक हसले ते सीबीसी-शुगरचा धंदा सोडून पी-अँका आणि अस्का या, आतड्याच्या सुजेच्या आजारांत रक्तातून बघायच्या अँटीबॉडींच्या तपासण्यांच्या मागे लागलो म्हणून.

मुंबईहून आणलेला जुना फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आमच्या लॅबमध्ये काम करणारे अण्णा आजही दुसऱ्याला पुसू देत नाहीत. पाऱ्याचा दिवा विझवला की गार झाल्याशिवाय पुन्हा लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. पी-अँकासाठी इथेनॉलमध्ये पक्क्या केलेल्या पांढऱ्या पेशींच्या स्लाइडवर केंद्रकाभोवती हिरवी कड दिसली की नवखा टेक्निशियन लगेच 'पॉझिटिव्ह' लिहितो. अण्णा आधी हेप-2 या लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशींची स्लाइड बघतात, कारण एएनए, म्हणजे केंद्रकालाच चिकटणारी दुसरी अँटीबॉडी, अगदी तसाच चकवा देते.

मग समोर एका साखळी लॅबचं कलेक्शन सेंटर आलं. 'आतड्याचं पॅकेज', वर डॉक्टरांना कट. आमच्याकडे अस्काचे महिन्याला तीन पेशंट. किट 96 वेलचं (खाचांचं), प्रत्येक रनला कॅलिब्रेटर-कंट्रोल (तुलनेचे नमुने) वेगळे, उरलेल्या स्ट्रिपा एक्स्पायरी होऊन कचऱ्यात. पुढची खोली झेरॉक्सवाल्याला दिली. अण्णांनी चार महिने पगाराचा विषयच काढला नाही.

त्याच सुमारास त्या पॅकेजमधल्या अस्कावर एका पोराला क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार) ठरवून स्टेरॉइड सुरू झाली. निघाला आतड्याचा टीबी. ही अँटीबॉडी टीबीतही तितकीच सापडते, एम्सच्या डॉक्टरांनी 2007 मध्येच छापलंय. त्या पोरावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मी आधी तसं पत्र दिलं होतं. नंतर साधा फोनही आला नाही.

टिकलो ते तासगावच्या एका एसटी कंडक्टरमुळे. अल्सरेटिव्ह कोलायटिसचे (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण) पेशंट, पी-अँका पॉझिटिव्ह. वर्षाने पुन्हा तीच तपासणी करायला आले, तर मी परत पाठवलं. टायटर (अँटीबॉडीचं प्रमाण) आजाराबरोबर वरखाली होत नाही, पैसे कशाला घालवता? "स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवणारी लॅब पहिल्यांदा बघतोय," म्हणाले, आणि पुढे डेपोतली निम्मी माणसं आमच्याकडे आणली.

नव्या लॅबवाल्यांनो, सिरम साठवून बॅचने रन लावा. रिपोर्टखाली 'स्कोपी-बायोप्सीशी (दुर्बिणीची आणि तुकड्याची तपासणी) ताडून पाहावे' हे ठळक छापा. आणि पेशंटहो, या रक्ततपासणीमुळे स्कोपी टळत नाही, कुणी काहीही सांगो.

समोरचा बोर्ड अजून आहे. संध्याकाळी त्याचा उजेड आमच्या अंधाऱ्या खोलीत शिरतो, म्हणून अण्णांनी खिडकीला काळा कागद चिकटवलाय.