तुम्ही विचारलंत म्हणून: पीएचडी झाली, मग क्लिनिक का नाही?

लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, भाजीवाल्यापाशी, सगळीकडे हाच प्रश्न. "मानसशास्त्रात पीएचडी ना तुझी? मग क्लिनिक का नाही टाकत?" एकदा नीट सांगून टाकते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची, नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेलं शिक्षण लागतं. बहुतेकांनी त्यासाठी दोन वर्षांचं क्लिनिकल एम.फिल. केलेलं असतं, रुग्णालयात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. माझी पीएचडी उपयोजित मानसशास्त्रातली, बसचालकांच्या थकव्यावरची. तिच्यावर ती नोंदणी होत नाही. "बाकीचे बसतातच की दुकान मांडून," असं म्हणू नका. मला ते पटत नाही.

आमच्या दारावर बाबांनी हौसेने 'डॉ.' लिहिलेली पाटी लावली होती. ती बघूनच एका रात्री वरच्या मजल्यावरच्या काकू मुलीला घेऊन आल्या. मुलीची झोप उडालेली, जेवण तुटलेलं, नजर जमिनीवर. काकू म्हणाल्या, "जरा समजाव हिला." काकूंना बाहेर बसवून मी मुलीला सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" तिने होकारार्थी मान हलवली. त्यापुढचं काम माझं नव्हतं. रिक्षा केली, दोघींना रुग्णालयात नेलं, मानसोपचारतज्ज्ञ येईपर्यंत तिचा हात धरून बसले. बाकावर काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "तू डॉक्टर असताना हिला इथे आणलंस? मग शिकलीस काय एवढी वर्षं?"

मुलगी आता बरी आहे. काकू जिन्यात भेटल्या तरी बोलत नाहीत. मला ते लागतं, अजूनही.

शिकले काय, ते सांगते. डेपोत चालकांना प्रश्नावली देताना एक विधान होतं, 'मला कामाचा कंटाळा येत नाही'. एकजण म्हणाला, "नाही." म्हणजे कंटाळा येत नाही की विधान मान्य नाही? गप्पांत चालून जातं, कसोटीत तेवढ्याने गुण उलटे पडतात. असं एकेक विधान तपासायचं, गाळायचं, पुन्हा माणसांसमोर ठेवायचं, हे माझं शिक्षण. ते दुय्यम आहे असं मला वाटत नाही.

नोकरीचं विचाराल तर, प्रवेश घेताना मी प्राध्यापकीच डोळ्यांसमोर ठेवली होती. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमांत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकासाठी जुलै 2021 पासून पीएचडी सक्तीची होणार होती. ती मुदत 2023 पर्यंत लांबली आणि 2023 मध्ये सक्तीच गेली, नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पुरेशी झाली. तेव्हाची मी म्हणते, "नियम होता, विश्वास ठेवला, माझं काय चुकलं?" आजची मी तिला म्हणते, जागा निघत नव्हत्या हे तुला दिसत होतं. यात कोण बरोबर, ते ठरलेलं नाही. काही काळ तासिका तत्त्वावर शिकवलं. सुट्टी लागली की पैसे बंद. आता हिंजवडीत एका कंपनीसाठी भरतीच्या चाचण्या तयार करते. पगार बरा आहे. थकव्यावरचा प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, चालकांच्या ड्युट्या आहेत तशाच आहेत, आणि याचं मला वाईट वाटतं.

विद्यार्थी विचारतात, करू का पीएचडी? मी आधी विचारते, उपचार करायचे आहेत का? असतील तर वाट वेगळी आहे. नसतील तर गाईडच्या आधीच्या विद्यार्थ्यांना गाठा, ते आज कुठे आहेत विचारा. सेट आत्ताच द्या. एवढं ऐकूनही ज्यांना करायचीच असते, त्यांना मी माझी प्रश्नावली देते, गाळलेल्या विधानांसकट.